पान गूगलमध्ये येत नाही? कीवर्डच्या आधी या तांत्रिक गोष्टी तपासा

नवी वेबसाइट सुरू केली, पाच-सहा लेख टाकले, दोन-तीन आठवडे उलटले, तरी लेखाचे पूर्ण शीर्षक टाकून शोधले तर गूगलमध्ये काहीच येत नाही. अशा वेळी बहुतेक जण कीवर्डच्या मागे लागतात किंवा आणखी एक एसईओ प्लगइन (साइट शोधनिकालात वर आणण्यासाठीची जोडणी) चढवतात. ते सगळे नंतरचे. आधी तीन गोष्टी पाहायच्या. गूगलचा क्रॉलर, म्हणजे पाने वाचत फिरणारा गूगलबॉट हा प्रोग्राम, पानापर्यंत पोहोचतो का? पोहोचल्यावर सर्व्हर त्याला पान नीट देतो का? आणि मिळालेल्या पानात त्याला वाचता येईल असा मजकूर आहे का? गूगलच्या किमान तांत्रिक अटी एवढ्याच आहेत. तपासायच्याही याच क्रमाने, कारण पहिलीच अट मोडलेली असेल तर तिसरीवर घेतलेली मेहनत वाया जाते.

या अटी पुऱ्या केल्या म्हणजे पान शोधनिकालात येईलच, अशी हमी गूगल देत नाही. पैसे घेऊन लवकर क्रॉल करण्याची सोयही गूगलकडे नाही. त्यामुळे 'चोवीस तासांत इंडेक्सिंगची (पान गूगलच्या साठ्यात नोंदवण्याची) गॅरंटी' विकणाऱ्यांना पैसे देऊ नका.

सर्च कन्सोल जोडून घ्या

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे आणि त्याच्याशिवाय पुढची सगळी तपासणी अंदाजपंचे होते. साइट जोडताना दोन पर्याय येतात. 'डोमेन' घेतलात तर एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले आणि नसलेले पत्ते, सगळी उपडोमेन, हे सारे एकाच ठिकाणी दिसते. त्यासाठी डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेन जिथून घेतले तिथल्या नोंदींमध्ये) एक टीएक्सटी, म्हणजे मजकुराची, नोंद करावी लागते. 'यूआरएल प्रीफिक्स' घेतलात तर एक एचटीएमएल फाइल चढवून किंवा मेटा टॅग टाकूनही काम भागते, पण माहिती त्या एका पत्त्यापुरतीच मिळते. डीएनएसला हात लावता येत असेल तर डोमेनच घ्या. काम झाले म्हणून ती नोंद किंवा टॅग नंतर काढून टाकू नका. गूगल मालकी अधूनमधून पुन्हा तपासते आणि खूण सापडली नाही तर तुमचा प्रवेश बंद होतो.

आता वरच्या शोधपट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाका. हे 'यूआरएल इन्स्पेक्शन'. इथे नवख्या माणसाचा एक गोंधळ हमखास होतो. आधी दिसते ते गूगलच्या साठ्यातले, म्हणजे मागच्या भेटीचे चित्र. काल केलेली दुरुस्ती त्यात दिसणार नाही. आत्ताची स्थिती हवी असेल तर 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबा आणि मग 'व्ह्यू टेस्टेड पेज' उघडा. गूगलबॉटला मिळालेले एचटीएमएल, त्याला पान कसे दिसले त्याचा स्क्रीनशॉट आणि सर्व्हरने दिलेले उत्तर तिथे मिळते. तुमच्या ब्राउझरमध्ये काय दिसते यापेक्षा इथे काय दिसते ते महत्त्वाचे. पुढच्या प्रत्येक पायरीवर याच चाचणीकडे परत यायचे आहे.

काही जण 'साइट' हा शब्द, कोलन आणि पत्ता असा शोध घेऊन पाने मोजतात. त्यावर निर्णय घेऊ नका. तो शोध सगळी इंडेक्स झालेली पाने दाखवेलच असे नाही.

गूगलबॉटला कोणी अडवले आहे का?

रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साधी मजकुराची फाइल. कोणत्या भागात क्रॉलरने जाऊ नये ते तिच्यात लिहितात. ही पद्धत १९९४ पासून चालत आली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या नावाने तिचे अधिकृत मानक झाले. फाइल डोमेनच्या मुळाशीच हवी, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली तर तिला कोणी विचारत नाही. प्रत्येक उपडोमेनची फाइल वेगळी असते. पत्त्यांमधले लहान-मोठे रोमन अक्षर तिथे वेगळे धरले जाते. गूगल ५०० किबिबाइटपर्यंतच फाइल वाचते.

यातली सगळ्यात महागात पडणारी चूक एका तिरक्या रेघेची, म्हणजे स्लॅशची, आहे. 'डिसअलाऊ' (म्हणजे 'इथे जाऊ नये') आणि कोलननंतर काहीच लिहिले नाही, तर सगळे खुले. त्याच जागी नुसती एक तिरकी रेघ आली, तर अख्खी साइट बंद. चाचणीसाठी बनवलेल्या साइटवर ही रेघ मुद्दाम टाकलेली असते आणि साइट खऱ्या डोमेनवर हलवताना ती सोबत येते. म्हणून साइट हलवली की पहिल्याच दिवशी ही फाइल ब्राउझरमध्ये उघडून डोळ्यांनी वाचा.

दुसरी चूक म्हणजे सीएसएस आणि जावास्क्रिप्टचे फोल्डर बंद करणे. गूगलबॉट पान नुसते वाचत नाही, ते क्रोमसारखे चालवूनही पाहतो. या फाइली त्याला मिळाल्या नाहीत तर स्क्रीनशॉटमध्ये मोडकेतोडके किंवा रिकामे पान दिसते.

फाइल मुळीच नसेल आणि सर्व्हर ४०४ देत असेल, तर गूगल 'बंधन नाही' असेच धरते. पण फाइल मागितल्यावर ५०० प्रकारची चूक येत असेल, तर सावधगिरी म्हणून गूगल सुरुवातीला पूर्ण साइटचेच क्रॉलिंग थांबवते. फाइल नसलेली बरी, पण सतत चूक देणारी नको. बदल केल्यावर लगेच परिणाम दिसला नाही तर गोंधळू नका, कारण गूगल या फाइलची प्रत साधारण २४ तास जवळ ठेवते. घाई असेल तर सर्च कन्सोलच्या रोबोट्स अहवालात ती पुन्हा वाचण्याची विनंती करता येते.

रोबोट्स आणि नोइंडेक्स यांची सरमिसळ

हा भाग सावकाश वाचा, कारण अनुभवी लोकही इथे चुकतात. रोबोट्स फाइल सांगते, 'या पानात शिरू नकोस.' नोइंडेक्स सांगतो, 'पान वाच, पण निकालात दाखवू नकोस.' या दोन वेगळ्या सूचना आहेत आणि एकीचे काम दुसरी करत नाही.

रोबोट्सने बंद केलेल्या पानाला बाहेरून कोणी लिंक दिली, तर त्याचा नुसता पत्ता, वर्णनाशिवाय, निकालात येऊ शकतो. म्हणजे लपवण्यासाठी ही फाइल निरुपयोगी. उलट बाजूने, पानावर नोइंडेक्स लावला आणि तेच पान रोबोट्समध्येही बंद केले, तर गूगलबॉट आत जाणारच नाही आणि नोइंडेक्स त्याला कधी दिसणारच नाही. पान काढून टाकायचे असेल तर क्रॉलिंग खुले ठेवून नोइंडेक्स लावायचा. रोबोट्स फाइलमध्येच नोइंडेक्सची ओळ टाकण्याचा जुना सल्ला अजूनही फिरतो. गूगलने ती ओळ मानणे १ सप्टेंबर २०१९ पासून बंद केले आहे.

आपल्याला उलट हवे आहे, म्हणजे पान यायला हवे. तेव्हा चुकून राहिलेला नोइंडेक्स शोधा. तो तीन ठिकाणी असू शकतो. एक, पानाच्या हेड भागातला रोबोट्स मेटा टॅग. पानाचा सोर्स उघडून शोधला की सापडतो. दोन, सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणारा 'एक्स-रोबोट्स-टॅग' हा हेडर. हा सोर्समध्ये दिसत नाही, म्हणून तासन्‌तास शोधूनही सापडत नाही. लाइव्ह टेस्टमध्ये किंवा ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क भागात तो दिसतो. तीन, वर्डप्रेसमध्ये 'सेटिंग्ज'खालच्या 'रीडिंग' पानावरचा चौकोन: 'डिस्करेज सर्च इंजिन्स'. साइट बांधताना ती खूण केलेली असते आणि उद्घाटनाच्या गडबडीत काढायची राहते. वर्डप्रेस ५.३ पासून ही खूण प्रत्येक पानावर नोइंडेक्स टाकते. एसईओ प्लगइनमध्ये प्रत्येक लेखाची वेगळी सेटिंगही असते, तीही बघा.

जावास्क्रिप्टने नोइंडेक्स नंतर काढून टाकू, असा विचार करू नका. पहिल्या एचटीएमएलमध्येच नोइंडेक्स दिसला तर गूगल पुढे जावास्क्रिप्ट चालवायच्या भानगडीत पडेलच असे नाही.

सर्व्हर काय उत्तर देतो?

पान मागितले की सर्व्हर एक आकडी उत्तर देतो. इंडेक्स व्हायचे तर पानाने एचटीटीपी २००, म्हणजे 'सगळे ठीक', हे उत्तर द्यायला हवे. ४०४ आणि ४१० म्हणजे पान नाही. असे पत्ते साठ्यातून जातात. ४०१ आणि ४०३ म्हणजे प्रवेश नाही. गूगलबॉट लॉगिन करत नाही, त्यामुळे सभासदांसाठी कुलूपबंद ठेवलेला मजकूर त्याला मिळत नाही. ५०० प्रकारच्या चुका येत राहिल्या तर गूगल आधी वेग कमी करते आणि त्या टिकून राहिल्या तर पाने काढू लागते. दुरुस्तीसाठी साइट काही तास बंद ठेवायची असेल तर ५०३ द्या. 'लवकरच परत येत आहोत' असे पान २०० सोबत दिले, तर गूगल तेच तुमचे खरे पान समजते.

याच जातीची आणखी एक गोष्ट म्हणजे सॉफ्ट ४०४. पानावर 'माहिती उपलब्ध नाही' लिहिले आहे, पण सर्व्हर मात्र २०० म्हणतो. रिकामी वर्गवारी, शून्य उत्पादने असलेले दुकानाचे पान, डेटाबेस न मिळाल्याने कोरे राहिलेले पान, अशी पाने गूगल असून नसल्यासारखी धरते.

सगळ्यात फसवा प्रकार फायरवॉलचा. तुम्हाला पान व्यवस्थित दिसते, पण लाइव्ह टेस्ट ४०३ दाखवते किंवा 'तुम्ही माणूस आहात का' या पानाचा स्क्रीनशॉट देते. होस्टिंगची सुरक्षा, सीडीएनचे (साइटच्या प्रती जगभरच्या सर्व्हरवरून देणाऱ्या सेवेचे) बॉट संरक्षण किंवा एखादा सुरक्षा प्लगइन गूगलबॉटला अडवत असतो. भारताबाहेरची वाहतूक बंद करणारी सेटिंग असेल तर हे होणारच, कारण गूगलबॉट मुख्यतः अमेरिकेतल्या आयपी पत्त्यांवरून येतो. सूट देताना नुसत्या नावावर विश्वास ठेवू नका, कारण 'गूगलबॉट' असे नाव कोणताही बॉट सांगू शकतो. गूगल आपल्या आयपी पत्त्यांची यादी प्रसिद्ध करते, तिच्या आधारे सूट द्या.

मजकूर वाचता येण्याजोगा आहे का?

इथे मराठी साइटींची स्वतःची दुखणी आहेत.

पहिले दुखणे जुन्या फॉन्टचे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकात तो रोमन अक्षरे आणि चिन्हे म्हणून साठवलेला असतो. कृतिदेवमध्ये लिहिलेला 'मराठी' हा शब्द प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी, एच अशी पाच रोमन अक्षरे आहेत. गूगलला तीच दिसतात, आणि ती कोणी शोधत नाही. तपासायचे कसे? पानावरचे एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. मराठीच राहिले तर ठीक, अगम्य रोमन अक्षरे आली तर तो मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्या भरवशावर थेट प्रकाशित करू नका. रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे यांत हमखास चुका राहतात. एक वाचन माणसाने करायलाच हवे.

पीडीएफलाही हीच चाचणी लावा. दिवाळी अंक, संस्थेचे अहवाल, ग्रामपंचायतीच्या सूचना अशा कितीतरी फाइली जुन्या फॉन्टमधून थेट पीडीएफ केलेल्या असतात. गूगल पीडीएफ इंडेक्स करते, पण आत वाचण्यासारखे काही असेल तरच.

दुसरे दुखणे चित्रांचे. कार्यक्रमाची पत्रिका, दरपत्रक, संपूर्ण कविता असे सगळे जेपीजीमध्ये टाकून पानावर फक्त 'अधिक माहितीसाठी चित्र पाहा' एवढेच असते. चित्रातल्या अक्षरांवर विसंबू नका. तारीख, ठिकाण, भाव, नियम पानावर टाइप करा आणि चित्र सोबत ठेवा.

तिसरे एन्कोडिंगचे, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीचे. फाइल, डेटाबेस आणि पानातली घोषणा तिन्ही ठिकाणी यूटीएफ-८ हवे. 'म'च्या जागी तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनासारखे चिन्ह दिसत असेल, तर मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जातो आहे. घोषणा दुरुस्त केली की काम होते. ओळीने प्रश्नचिन्हे दिसत असतील तर बहुधा डेटाबेसने साठवतानाच अक्षरे गमावली आहेत. ती परत येत नाहीत, बॅकअप शोधावा लागतो. एन्कोडिंगची घोषणा पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये असावी, म्हणजे हेड उघडल्या उघडल्या.

एचटीएमएलमधला भाषेचा गुणधर्म मराठीवर ठेवा, स्क्रीन रीडरला तो लागतो. पण गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरूनच ठरवते. लेख मराठीत आणि मेन्यू, तळटीप, बटणे सगळी इंग्रजीत असतील, तर मजकूर तोकडा असलेल्या पानावर गोंधळ होऊ शकतो.

बाकी जावास्क्रिप्टबद्दल थोडक्यात: गूगलबॉट बटण दाबत नाही. 'आणखी वाचा' दाबल्यावर सर्व्हरवरून येणारा मजकूर त्याला मिळत नाही. आधीपासून एचटीएमएलमध्ये असलेला आणि फक्त झाकलेला मजकूर मिळतो. पत्त्यातल्या हॅश चिन्हापुढचा भाग वेगळे पान म्हणून धरला जात नाही, म्हणून एकपानी ॲप बनवताना प्रत्येक लेखाला खरा पत्ता द्या. आणि मोबाइलवर पान पूर्ण उघडायला हवे. ५ जुलै २०२४ नंतर गूगल मोबाइलच्या गूगलबॉटनेच साइट तपासते. फक्त डेस्कटॉपवर दाखवलेला मजकूर त्याच्या लेखी नाही.

मराठी पत्ते आणि एकाच पानाचे अनेक पत्ते

पत्त्यात देवनागरी चालते. पण आतून प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचे असते आणि टक्केचिन्हांच्या रूपात त्याची नऊ अक्षरे होतात. काना, मात्रा, वेलांटी यांची प्रत्येकी वेगळी नऊ. वर्डप्रेस लेखाचा स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) २०० अक्षरांवर तोडते, म्हणजे साधारण बावीस चिन्हांवर. 'कोकणातील पावसाळी भाजीपाला लागवड' या शीर्षकाचा आपोआप बनलेला पत्ता भाजीपाल्यापाशीच तुटतो. त्यामुळे इंडेक्सिंग अडत नाही, पण सारखी सुरुवात असलेल्या लेखांचे पत्ते एकसारखे होऊन शेवटी २, ३ असे आकडे लागतात. दोन-तीन शब्दांचा स्लग स्वतः लिहा, देवनागरीत किंवा रोमनमध्ये, आणि प्रकाशित झाल्यावर बदलू नका. बदलायचाच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ पुनर्निर्देशन (कायमचे वळवणे) लावा.

देवनागरी पत्ता हाताने पुन्हा टाइप करू नका, कॉपीच करा. 'दुसऱ्या'मधला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो: एकदा खाली नुक्ता असलेल्या 'ऱ'ने आणि एकदा साध्या 'र'नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, पण सर्व्हरच्या लेखी दोन वेगळे पत्ते, आणि त्यातला एक ४०४ देतो.

एचटीटीपी की एचटीटीपीएस, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह की त्याविना, हे एकदाच ठरवा आणि बाकीचे सगळे ३०१ ने तिकडे वळवा, शक्यतो एकाच उडीत. गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत मागोमाग जातो, पण लांबलचक साखळीत कुठेतरी फेरा तयार होतो आणि पान हातचे जाते. कॅनॉनिकल टॅग, म्हणजे पानाचा मूळ पत्ता कोणता ते गूगलला सांगणारा टॅग, तपासा. तो ज्याच्या त्याच्या पत्त्याकडे बोट दाखवणारा हवा. थीम बनवताना सगळ्या पानांवर मुख्यपानाचाच कॅनॉनिकल राहून गेला, तर तुम्ही स्वतःच गूगलला सांगत असता की बाकीची पाने ही मुख्यपानाची नक्कल आहेत.

पान सापडायलाही हवे

गूगलबॉट लिंकवरून लिंकवर जातो. ज्या लेखाला साइटवर कुठूनच लिंक नाही, तो त्याला सापडणे कठीण. नव्या लेखाला मुख्यपानावरून किंवा वर्गवारीतून लिंक द्या, आणि ती खरी लिंक असू द्या: अँकर टॅग आणि त्यात पत्ता. क्लिक पकडून जावास्क्रिप्टने पान बदलणारे बटण ही लिंक नव्हे.

साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पत्त्यांची यादी, वर्डप्रेस ५.५ पासून स्वतःच बनवते. एका फाइलची मर्यादा ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी. नव्या साइटला तिची चिंता नाही. सर्च कन्सोलमध्ये तिचा पत्ता एकदा द्या. त्यातले 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रीक' हे रकाने गूगल वाचत नाही. शेवटच्या बदलाची तारीख वाचते, पण ती खरी असेल तरच. रोज सगळ्या पानांवर आजची तारीख टाकणारा प्लगइन त्या रकान्याची किंमतच घालवतो.

हे सगळे तपासून झाले की 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबा. एकदाच. रोजची मर्यादा असते आणि त्याच पत्त्यासाठी पुन्हा पुन्हा दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही. काही दिवस ते काही आठवडे थांबावे लागते. इंडेक्सिंग एपीआय (प्रोग्रामने थेट गूगलला पत्ता कळवण्याची सोय) वापरून हे लवकर करून देतो असे कोणी म्हटले तर लक्षात घ्या की ते एपीआय गूगलने नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाच्या पानांसाठीच ठेवले आहे. बिंगसाठी त्यांच्या वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलमधूनच साइट आयात करता येते, पाच मिनिटांचे काम आहे.

अहवालातल्या दोन ओळी

'पेज इंडेक्सिंग' अहवालात नव्या साइटला दोन शेरे सर्वाधिक दिसतात. 'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळला आहे, अजून कोणी आलेले नाही. सर्व्हर संथ आहे का, अंतर्गत लिंक पुरेशा आहेत का, एवढे पाहा आणि थांबा. 'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे गूगल येऊन, वाचून गेले आणि तूर्त ठेवले नाही. लाइव्ह टेस्टमधल्या एचटीएमएलमध्ये तुमचा पूर्ण मजकूर दिसत असेल, तर अडचण आता तांत्रिक नाही. चार ओळींचे पान, दुसरीकडून उचललेला मजकूर किंवा एकाच विषयावरचे पाच सारखे लेख ही कारणे शोधा. सारखे लेख एकत्र करून एक भरीव लेख करा, उरलेले पत्ते त्याकडे ३०१ ने वळवा आणि त्या एकाच पानासाठी पुन्हा विनंती करा.

टॅगची पाने, शोधाच्या निकालाची पाने, फीडचे पत्ते हे सगळेही 'इंडेक्स झाले नाही' या आकड्यात धरलेले असतात. तो आकडा मोठा दिसला म्हणून घाबरू नका. यादी उघडून त्यात तुमचे खरे लेख किती आहेत तेवढेच मोजा.